परीकथांचा निर्माता हॅन्स अँडरसन

आटपाट नगराच्या राजाची गोष्ट कोणी लिहिली, असे आजीला विचारले तर तिला त्याचे उत्तर देता यायचे नाही. तिने ती आपल्या आजीकडून ऐकलेली असते, आणि त्या आजीने आणखी कोणाकडून. लोककथेला कर्ता नसतो. शेकडो वर्षे हजारो तोंडांतून फिरत फिरत ती आपल्यापर्यंत आलेली असते. जर्मनीत याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या बंधूंनी अशाच कथा लोकांकडून ऐकून टिपून घेतल्या व त्यांचा पहिला संग्रह १८१२ साली प्रसिद्ध केला. काम फार मोलाचे होते, परंतु ते संग्राहकाचे काम होते. जी पूर्वी कोणी कधीच सांगितली नाही अशी सर्वस्वी नवी परीकथा एखाद्याला स्वतःच्या मनातून निर्माण करता येईल काय? आणि केलीच, तर ती जुन्या कथेप्रमाणे देशोदेशींच्या मुलांच्या ओठांवर खेळेल काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर डेन्मार्कमधील एका दरिद्री घरच्या मुलाने दिले. त्याचे नाव हॅन्स ख्रिश्चन अँडरसन.

फ्यून नावाच्या बेटावरील ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी हॅन्सचा जन्म झाला. वडील जोडे शिवत आणि आई लोकांची धुणी धुई. राहायला एकच खोली. तिच्यातच वडिलांची कामाची जागा, चूल आणि निजण्याची सोय. एका सरदाराची शवपेटी ज्या लाकडी चौकटीवर ठेवली होती, ती चौकट विकत घेऊन वडिलांनी तिचाच पलंग केला होता, आणि त्या लाकडाला काळ्या कापडाच्या चिंध्या तशाच चिकटून होत्या, अशी आठवण अँडरसनने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

वडिलांना शिक्षणाची फार आवड होती, पण परिस्थितीमुळे शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. ते दुःख त्यांच्या मनातून कधी गेले नाही. रात्री काम आटोपले की ते मुलाला जवळ घेऊन वाचून दाखवीत. होल्बर्गची नाटके, ला फाँतेनच्या कथा आणि ज्यांचे मराठी भाषांतर पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले त्या अरबी भाषेतील सुरस गोष्टी त्याने अशा ऐकल्या. वडिलांनी त्याला एक खेळण्यातले नाटकघरही करून दिले होते. हॅन्स बाहुल्यांना कपडे शिवी आणि त्यांच्याकडून नाटके करवी. त्याची आजी गावातील निराधारांच्या व वेड्यांच्या आश्रयस्थानात बागेची देखभाल करी. तिच्याबरोबर तोही तेथे जाई आणि सूत कातणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घोळक्यात बसून भुताखेतांच्या, राजपुत्रांच्या आणि जादूटोण्याच्या गोष्टी ऐके. त्याचे खरे कथेचे शिक्षण या सूतशाळेत झाले.

त्या काळी युरोपात नेपोलियनची युद्धे चालू होती. वडील सैन्यात गेले आणि प्रकृती गमावून परत आले. १८१६ साली त्यांचा अंत झाला. हॅन्स तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर गोठलेल्या हिमात वडिलांनी त्याला हात पसरलेल्या एका स्त्रीची आकृती दाखवली होती, आणि ती आपल्याला न्यायला आली आहे असे थट्टेने म्हटले होते. वडील गेले तेव्हा आईला ती आकृती आठवली. हिमकन्येनेच त्यांना नेले, असे तिने मुलाला सांगितले. या घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी अँडरसनने ‘हिमराणी’ ही आपली एक श्रेष्ठ कथा लिहिली. तिच्यातील राणी एका लहान मुलाला आपल्या बर्फाच्या महालात घेऊन जाते.

घरात मिळवते कोणी उरले नाही. हॅन्सने काही दिवस कापडाच्या व तंबाखूच्या कारखान्यात काम केले. पण त्याचा गळा गोड होता आणि मन नाटकात होते. आईची इच्छा त्याने शिंपीकाम शिकावे अशी होती. त्याने मात्र कोपनहेगनला जाऊन नाव मिळवण्याचा हट्ट धरला. अखेर आईने एका जाणत्या म्हातारीला भविष्य विचारले. या मुलाच्या सन्मानार्थ एक दिवस सारे ओडेन्स गाव दिव्यांनी उजळेल, असे त्या म्हातारीने सांगितले, आणि आईने डोळे पुसून परवानगी दिली. सप्टेंबर १८१९ मध्ये चौदा वर्षांचा हॅन्स तेरा रिग्सडालर एवढी साठवलेली पुंजी घेऊन राजधानीत उतरला. तेथे त्याला ओळखणारे कोणीही नव्हते.

पुढची तीन वर्षे अत्यंत हलाखीची गेली. एका प्रसिद्ध नर्तिकेच्या घरी जाऊन त्याने जोडे काढून, टोपीचा डफ करून नाच करून दाखवला. तिला हा मुलगा वेडाच वाटला. सिबोनी या गायनाचार्याने दया येऊन त्याला शिकवण्यास आरंभ केला, पण थोड्याच महिन्यांत वयोमानाप्रमाणे आवाज फुटला आणि गाणे संपले. मग तो नृत्यशाळेत गेला. त्याचे उंच, किडकिडीत शरीर आणि लांब हातपाय तेथेही आड आले. त्याने नाटके लिहून राजकीय नाट्यगृहाकडे पाठवली. ती परत आली. लेखकाला शुद्धलेखनसुद्धा येत नव्हते, असा त्यावरील अभिप्राय होता आणि तो खोटाही नव्हता. मात्र या अडाणी लिखाणात काहीतरी आहे, हे नाट्यगृहाचा एक संचालक योनास कॉलिन याच्या नजरेतून सुटले नाही. त्याने राजाकडे रदबदली करून या मुलाच्या शिक्षणाची सोय लावून दिली.

१८२२ साली सतरा वर्षांचा हॅन्स स्लागेल्स येथील शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या शेजारी बाकावर बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग हा विद्वान होता, पण त्याची जीभ तिखट होती. वर्गात तो हॅन्सचा वारंवार पाणउतारा करी आणि कविता लिहिण्यास त्याला मनाई होती. पुढे मायस्लिंगची बदली हेल्सिंगोरला झाली, तेव्हा हॅन्सलाही त्याच्याबरोबर जावे लागले. तेथे त्याने मरणोन्मुख बालकावर एक कविता लिहिली. ही कविता पुढे डेन्मार्कच्या बाहेरही वाखाणली गेली, परंतु मुख्याध्यापकाने तिची टरच उडवली. १८२७ साली कॉलिनच्या कानी ही हकीकत गेली आणि त्याने हॅन्सला तेथून सोडवले. या शाळेची भीतिदायक स्वप्ने अँडरसनला उतारवयातही पडत. तथापि अभ्यास त्याने सोडला नव्हता. १८२८ साली तो विश्वविद्यालयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला. शुद्धलेखन न येणारा मुलगा लेखनावर उपजीविका करण्याच्या तयारीला लागला.

१८३३ मध्ये प्रवासासाठी राजाकडून वेतन मिळाले आणि तो फ्रान्स, स्वित्झर्लंडमार्गे इटलीत गेला. रोममध्ये असताना त्याला आईच्या निधनाची वार्ता कळली. गार पाण्यात उभे राहून धुणे धुताना ऊब यावी म्हणून ती मद्य घेऊ लागली होती, आणि शेवटी त्या सवयीने तिला ग्रासले होते. निराधारांच्या आश्रयस्थानात तिने देह ठेवला. मुलाच्या कथा तिला वाचता आल्याच नसत्या, कारण तिला अक्षरओळख नव्हती. पण त्या ऐकण्याचेही तिच्या नशिबी नव्हते. त्यांतली पहिली कथा छापली जायला आणखी दीड वर्ष अवकाश होता.

१८३५ च्या वसंत ऋतूत अँडरसनची दोन पुस्तके पाठोपाठ बाहेर पडली. पहिली इटलीतील जीवनावरची कादंबरी. तिने त्याला युरोपात नाव मिळवून दिले. दुसरे एक लहानसे, अवघ्या चार कथांचे पुस्तक होते. मुलांसाठी सांगितलेल्या कथा, असे त्याचे नाव होते. विद्युत्प्रवाहाचा चुंबकसूचीवर होणारा परिणाम शोधून काढणारा थोर शास्त्रज्ञ ओर्स्टेड हा अँडरसनचा हितचिंतक होता. कादंबरीने अँडरसनला कीर्ती मिळेल, पण या कथा त्याला अमर करतील, असे भाकीत त्याने केले. अँडरसनलाही त्या वेळी ते पटले नाही.

टीकाकारांना तर ते मुळीच पटले नाही. त्यांचा मुख्य आक्षेप भाषेवर होता. तोंडाने बोलावे तसे कोणी लिहीत असते काय, असा त्यांचा सवाल होता. वाक्ये अर्धवट तुटतात, मध्येच उद्गार येतात, व्याकरणाची शिस्त राहत नाही. शिवाय या कथांतून बालकांना कसलाही बोध मिळत नाही. असल्या पोरकट गोष्टींत लेखकाने आपला वेळ दवडू नये, असा हिताचा सल्लाही त्याला मिळाला. टीका करणारे मूर्ख नव्हते. पुस्तकाची भाषा म्हणजे पंडितांची भाषा, हीच त्या काळची समजूत होती. अँडरसनला शाळेत पाच वर्षे हेच शिकवले गेले होते, आणि त्यापायी त्याने अपमान सोसले होते. आता कुठे सुशिक्षितांच्या पंक्तीत जागा मिळालेल्या माणसाने पुन्हा सूतशाळेतल्या म्हाताऱ्यांच्या बोलीकडे वळावे, यात केवढे धाडस होते! पुन्हा अडाणी ठरण्याचा धोका त्याने जाणूनबुजून पत्करला. मित्रांच्या घरी मुलांना गोष्टी सांगताना तो हातवारे करी, आवाज बदली, घोड्याच्या टापा आणि चाबकाचा आवाज शब्दांतून काढी. तोच जिवंतपणा त्याने कागदावर उतरवला. डॅनिश गद्याला या कथांनी नवी चाल दिली, हे पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी मान्य केले.

या पहिल्या पुस्तकातील तीन कथा त्याने लहानपणी ऐकलेल्या गोष्टींवरून रचल्या होत्या. चौथी मात्र नवी होती. एका मित्राच्या इडा नावाच्या छोट्या मुलीशी फुलांविषयी गप्पा मारताना ती सुचली. फुले सकाळी मलूल का दिसतात? रात्रभर ती नाचायला गेलेली असतात म्हणून! येथे ना राजा, ना चेटकीण. मुलाचा एक साधा प्रश्न आणि त्याला दिलेले गमतीचे उत्तर, एवढ्यातून परीकथा निर्माण होऊ शकते हे अँडरसनच्या ध्यानात आले. पुढे तो हळूहळू जुन्या कथांचे बोट सोडत गेला. १८३७ साली आलेल्या ‘राजाचे नवे कपडे’ या कथेचे मूळ स्पेनमधील एका मध्ययुगीन गोष्टीत आहे. परंतु राजा उघडा आहे हे सत्य एका लहान मुलाच्या तोंडून बाहेर पडते, हा शेवट अँडरसनचा आहे. तोही त्याला मागाहून, छपाईची मुद्रिते तपासण्याच्या वेळी सुचला. आज ही कथा त्या मुलावाचून आपल्याला कल्पिताही येत नाही. त्याच पुस्तकात ‘छोटी मत्स्यकन्या’ आली. राजपुत्रावर प्रेम करणाऱ्या या सागरकन्येला राजपुत्र मिळत नाही. जुन्या परीकथेचा शेवट लग्नात होतो. अँडरसनने तो शेवट मुद्दाम नाकारला, कारण जगात तसे नेहमी घडत नाही हे त्याने पाहिले होते.

त्यानंतर १८३८ साली ‘शूर शिपाई’ ही कथा प्रसिद्ध झाली. कथिलाच्या जुन्या चमच्यापासून ओतलेले पंचवीस खेळण्यातले शिपाई. शेवटच्याला धातू पुरला नाही म्हणून त्याला एकच पाय. तो गटारात वाहून जातो, माशाच्या पोटात जातो, पुन्हा त्याच घरी येतो आणि शेगडीत वितळतो, पण आपला ताठा सोडत नाही. या कथेला कोणत्याही जुन्या गोष्टीचा आधार नाही. यानंतर अँडरसनने रफूची सुई, सदऱ्याची कॉलर, भोवरा आणि चेंडू, नाताळात सजवून मग अडगळीत टाकलेले झाड अशा किती तरी क्षुल्लक वस्तूंना वाचा दिली. त्याची रीत एकच होती. वस्तूचा स्वभाव तिच्या जातीवरून ठरवायचा. सुई बारीक, म्हणून ती स्वतःला नाजूक समजते आणि मोडली तरी तिचा तोरा जात नाही. अशा सुईत वाचकाला आपल्या ओळखीचे माणूस दिसू लागते.

त्याच्या सर्वांत प्रसिद्ध कथेत तर तो स्वतःच आहे. ‘कुरूप पिल्लू’ ही कथा सुमारे वर्षभर त्याच्या मनात घोळत होती. १८४३ च्या नोव्हेंबरात ती इतर तीन कथांसह प्रसिद्ध झाली, आणि त्या वेळी पुस्तकाच्या नावातून मुलांसाठी हे शब्द त्याने काढून टाकले होते. ज्याला सर्वांनी हिणवले ते पिल्लू अखेर राजहंस निघते, ही हकीकत मराठी घरांतही सर्वांना ठाऊक आहे, आणि ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे ती मुलांच्या गळ्यातही बसली आहे. ‘काडेपेटीवाली मुलगी’ या १८४५ च्या कथेची जन्मकथा निराळी आहे. एका पंचांगवजा वार्षिकाच्या संपादकाने अँडरसनकडे तीन चित्रे पाठवली आणि त्यांपैकी एकावर कथा मागितली. त्याने हातात काड्या घेतलेल्या गरीब मुलीचे चित्र निवडले. त्या वेळी तो एका सरदाराच्या वाड्यात पाहुणा म्हणून राहत होता. पण चित्र पाहताच त्याला आठवली ती आपली आई. लहानपणी तिला भीक मागायला पाठवीत आणि मागण्याचे धैर्य न झाल्यामुळे ती नदीच्या पुलाखाली रडत बसून राही.

आईच्या मृत्यूला वीस वर्षे होत आली, तेव्हा त्याने आणखी एक कथा लिहिली. तिच्यात थंड पाण्यात उभी राहून धुणे धुणारी एक बाई आहे. गावातला प्रतिष्ठित गृहस्थ तिला कुचकामाची ठरवतो. ती मेल्यावर तिचा मुलगा एका शेजारणीला विचारतो की माझी आई खरोखरच कुचकामाची होती काय. तेव्हा ती शेजारीण तसे नव्हते म्हणून त्याला निक्षून सांगते. या कथेत जादू नाही, परी नाही. गाव आपल्या आईविषयी काय बोलत होते हे मुलगा विसरला नव्हता, आणि कीर्तीच्या शिखरावर असताना ते लिहिण्याची त्याला लाज वाटली नाही.

अँडरसन सर्वगुणसंपन्न होता असे मात्र समजू नये. स्तुतीसाठी तो हपापलेला असे आणि निंदेचा एक शब्द त्याला रडवी. १८४४ साली तो बर्लिनला याकोब ग्रिम याच्या घरी गेला. आपले नाव त्याला ठाऊक असणारच, अशी त्याची खात्री होती. याकोबने ते ऐकलेही नव्हते! अँडरसन खजील होऊन परतला. काही आठवड्यांनी याकोब स्वतः कोपनहेगनला आला तेव्हा आवर्जून त्याला भेटून गेला. कथांचा संग्राहक आणि कथांचा निर्माता यांची ही गाठ मोठी मौजेची म्हटली पाहिजे. अँडरसन आगीला इतका भिई की प्रवासात खिडकीतून उतरण्यासाठी तो ट्रंकेत दोर ठेवी. असा हा भित्रा माणूस परदेशच्या जवळजवळ तीस वाऱ्या करून आला. त्याने लग्न केले नाही. त्याला स्वतःचे घर नव्हते. मित्रांच्या घरी पाहुणा होऊन तो राही, आणि गोष्ट सांगता सांगता कात्रीने कागदाचे हंस, नर्तिका, महाल कापून मुलांच्या हाती देई. त्याच्या अशा अनेक कागदी आकृत्या डेन्मार्कमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.

६ डिसेंबर १८६७ रोजी ओडेन्स गावाने आपल्या या पुत्राला सन्माननीय नागरिकत्व अर्पण केले. त्या रात्री घरोघरी दिवे लागले, मशालींची मिरवणूक निघाली. म्हातारीचे भविष्य अठ्ठेचाळीस वर्षांनी खरे ठरले. दैवाची थट्टा अशी की त्याच रात्री अँडरसनची दाढ भयंकर ठणकत होती, आणि त्या सोहळ्यातील आनंदाचा निम्मा वाटा तिनेच घेतला! हीदेखील त्याच्याच एखाद्या कथेत शोभावी अशी गोष्ट आहे.

४ ऑगस्ट १८७५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, कोपनहेगनजवळ एका स्नेह्यांच्या घरी तो निवर्तला. त्याच्या अंत्यविधीस स्वतः राजा उपस्थित होता. मरणापूर्वी त्याच्या पुतळ्याचा आराखडा त्याला दाखवण्यात आला होता. त्यात मुले त्याला बिलगलेली होती. ते त्याला आवडले नाही. आपण केवळ मुलांसाठी लिहिले नाही, मोठ्यांसाठीही लिहिले, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून कोपनहेगनच्या राजोद्यानातील पुतळ्यात तो एकटाच हाती पुस्तक घेऊन बसलेला दिसतो. त्याने एकंदर दीडशेहून अधिक कथा लिहिल्या आणि जगातील बहुतेक प्रमुख भाषांत त्या गेल्या. बालसाहित्यातील श्रेष्ठ लेखकांना १९५६ पासून त्याच्या नावाचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक देण्यात येते, आणि १९६७ पासून त्याचा जन्मदिवस, २ एप्रिल, हा जागतिक बालपुस्तकदिन म्हणून साजरा होतो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांना गोष्टी लिहिण्याची हौस असते, आणि लिहायला बसले की परदेशातील राजकन्या आणि स्फटिकाचे महाल डोळ्यांपुढे येतात. अँडरसनने महाल पाहिले होते, कित्येक महालांत तो राहिलाही होता. पण त्याच्या कथा निघाल्या त्या एका खोलीतल्या घरातून, गोठलेल्या काचेतून आणि आईच्या भिजलेल्या हातांतून. तुमच्याही घराच्या फळीवर दांडी तुटलेला कप असेल, दाराआड जुनी छत्री असेल, पाटीदप्तरात एक बोथट पेन्सिल असेल. पुढच्या वर्षीच्या अंकासाठी लिहायला घ्याल तेव्हा प्रथम त्यांच्याकडे पाहा, त्यांना काय म्हणायचे आहे ते ऐका, आणि घरात बोलता तशा भाषेत लिहून काढा. शुद्धलेखन तपासायला गुरुजी आहेतच.